सूट मिळाली, पण जबाबदारी सुटली का?



शाळाप्रवेशाचे दिवस आले की या पानाकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. किला गेटच्या आसपासचे शेजारी, ख्रिस्ती असोत वा नसोत, एकच गोष्ट विचारतात: "तुमच्या मिशनच्या शाळा इतक्या चांगल्या, मग आमच्या पोरांना तिथं जागा का नाही?" प्रश्न टोचतो. म्हणूनच तो बाजूला सारू नये.

आधी कायद्याचे पाहू. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. खाजगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात निदान 25 टक्के जागा आसपासच्या गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना द्याव्यात, असे तो सांगतो. पण 6 मे 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून सूट दिली. घटनेच्या कलम 30 ने आपल्याला शाळा स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. तो आपण जपलाच पाहिजे. मात्र हा हक्क मिळाला म्हणून दारातल्या मुलाकडे पाहायचेच नाही, असा त्याचा अर्थ खचित नाही. न्यायालयाने आपल्याला सूट दिली. आपल्या मनाने ती घ्यायची की नाही, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.

फीस भरू न शकणाऱ्या मुलांसाठी उत्तम शाळा काढता येते का? येते, आणि तशा शाळा चालूही आहेत. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये चार्टर शाळांचा कायदा केला. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र संस्थेचा आणि दोघांमध्ये काही वर्षांचा लेखी करार. फीस नाही, प्रवेश परीक्षा नाही. अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकायच्या. मुले शिकली नाहीत तर करार संपतो आणि शाळा बंद होते. तिथे या शाळांवर टीकाही भरपूर होते. त्या नेहमीच्या सरकारी शाळांचा पैसा ओढतात, अवघड मुले हळूच गळतात, शिक्षक थकून सोडून जातात, असे म्हणतात. ही टीका आपणही ध्यानात ठेवावी.

इतक्या दूर जायला नको. पुण्यात 2007 पासून आकांक्षा फाउंडेशन महानगरपालिकेबरोबर शाळा चालवते, पुढे मुंबईतही चालवू लागले. इमारत पालिकेची, मुख्याध्यापक, शिक्षक आणि त्यांचे प्रशिक्षण संस्थेचे. मुले वस्तीतलीच, निवडून घेतलेली नाहीत. या संस्थेचा कुठल्या धर्माशी संबंध नाही. जे त्यांना जमले ते आपल्याला, शाळा चालवण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असलेल्यांना, का जमू नये?

खरे तर ही रीत आपल्या घरचीच आहे. 1854 च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान सुरू झाले. अट अशी की तपासणी होऊ द्यायची आणि अनुदान फक्त लौकिक शिक्षणाकडे पाहून मिळायचे. तोही एक करारच होता. त्याआधी अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरारबाईंनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहून जोतिराव फुले पुण्यास परतले आणि 1848 मध्ये त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. मिशनची चांगली शाळा शेजाऱ्याने पाहिली आणि स्वतःची काढली. शाळेचा याहून मोठा विस्तार कोणता?

आमची सूचना साधी आहे. ग्वाल्हेरच्या सर्व मंडळ्यांनी आणि आपल्या शाळांच्या संस्थांनी एकत्र बसावे आणि किला गेट परिसरातली एक, फक्त एक, सरकारी प्राथमिक शाळा करारावर चालवण्याचा प्रस्ताव शासनापुढे ठेवावा. मध्य प्रदेश सरकार स्वतः मोठ्या सांदीपनी विद्यालयांवर खर्च करत आहेच. पण मोहल्ल्यातली छोटी शाळाही चांगली हवी; सहा वर्षांचे मूल किती दूर जाणार?

सुरुवात इमारतीपासून नको, मुख्याध्यापकापासून करावी. अमेरिकेतल्या किप या शाळासमूहाने 1994 मध्ये ह्यूस्टनला पाचवीच्या एका वर्गापासून सुरुवात केली. 2000 नंतर विस्तार करताना त्यांनी आधी मुख्याध्यापक घडवले, मग त्यांच्या हाती नवी शाळा दिली. आपणही पहिलीचा एक वर्ग घ्यावा आणि दर वर्षी एक इयत्ता वाढवावी. तिसरीचे मूल सरळ वाचू लागले, बेरीज-वजाबाकी करू लागले, की मगच दुसऱ्या शाळेचा विचार. चांगल्या शाळेच्या नावाची पाटी दुसरीकडे लावली म्हणून ती शाळा चांगली होत नाही.

एक गोष्ट शेजाऱ्यांना उघडपणे सांगायला हवी. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, असे घटनेचे कलम 28 सांगते. तेव्हा या शाळेत आपली उपासना नसेल, बायबलचा तास नसेल. करारात हे ठळक लिहावे आणि पालकसभेत वाचून दाखवावे. "मग आपल्याला काय मिळालं?" असे कुणी विचारील. मिळेल ते हेच की शेजारच्या पोराला अक्षर आले. प्रभूने सेवा सांगितली तेव्हा मोबदल्याचा हिशेब मागितला नव्हता.

पैशाचे म्हणाल तर प्रत्येक मोठ्या मिशन शाळेने एक अनुभवी शिक्षक दोन वर्षांसाठी द्यावा, मंडळ्यांनी वर्षातून एका रविवारचे अर्पण द्यावे. तेवढ्याने सारे भागणार नाही, पण आपण मनापासून बोलतो आहोत हे तरी दिसेल.

वर किल्ल्यावर 1897 मध्ये सरदारांच्या मुलांसाठी सुरू झालेली सिंधिया स्कूल आहे. तिचे नाव देशभर आहे आणि ग्वाल्हेरकरांना तिचा अभिमान आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, किला गेटला, सरदाराचे नसलेले मूल आपल्या दाराकडे पाहत उभे आहे. पुढच्या प्रवेशाच्या वेळी त्याला काय सांगायचे, ते आपण या वर्षातच ठरवू या. आपली मते जरूर कळवा, विरोधाचीही.

— संपादक