रामदरबाराचे खोटे नाणे

एका निवृत्त सहकाऱ्यांनी ऑनलाइन घेतलेले नाणे मोठ्या भक्तिभावाने माझ्यापुढे ठेवले. एका बाजूस रामदरबार, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही; तिच्या मुलखात एकसारखी नाणी आली तीच मुळी १८३५मध्ये. त्यामुळे वजन तपासण्याचीही गरज नव्हती. (राणीछाप रुपया मात्र जरूर तोलावा, तो ११.६६ ग्रॅम भरायला हवा.)

जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपल्या नावाने शुल्क उकळणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये इशारा दिला. पण तो ग्राहकांना. असा माल मांडणाऱ्या संकेतस्थळांना जाब कोण विचारणार? ‘प्राचीन’ असे लिहिणाऱ्या विक्रेत्याकडून टांकसाळ, वजन व परताव्याची लेखी हमी घेणे त्यांच्यावर बंधनकारक करावे.

सहकाऱ्यांना मी सन जुळत नाही, एवढेच सांगितले. नाणे अजून त्यांच्या देव्हाऱ्यात आहे.