मुलाखत बसून होते

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्याला पंचांगापेक्षा लोकसेवा आयोगाचं वेळापत्रक जास्त पाठ असतं. मुख्य परीक्षेचा निकाल लागला की संध्याकाळी अभ्यासिकेतून सुटलेली पोरं आमच्या पायरीवर येतात. वर्षभर ही पोरं फक्त चेन बदलायला नाहीतर उसवलेली शिवण घालायला आलेली असतात. आता मात्र आल्या आल्या एकच वाक्य: "काका, कोट शिवायचाय. मुलाखत आहे."

माझं म्हणणं असं, की हा कोट बंद झाला पाहिजे. मुलाखतीच्या बोलावण्यावर आयोगानंच एक ओळ छापावी की कोट आणि टायची गरज नाही. माझ्या दुकानात पोरं ते पत्र मोबाईलवर दाखवतात. मूळ कागदपत्रं कोणती आणायची, किती वाजता हजर व्हायचं, सगळं त्यात असतं. कोट घालून या, असं मला त्यात कधी वाचायला मिळालेलं नाही. तरी पोरांच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. हे बसवलं कुणी?

एक तर फ्लेक्सनं. निकालानंतर अलका चौकापासून आत वळलं की दोन्ही बाजूंना यशवंतांचे फोटो लागतात, आणि त्या फोटोतला जवळजवळ प्रत्येक मुलगा कोटात असतो. अकादम्या सराव मुलाखती बहुतेक फुकट घेतात. त्या दिवशी कोट घालून यायला सांगतात आणि समोरच्या टेबलावर फुलदाणी ठेवून फोटो काढतात. पुढे निवड झाली की तोच फोटो चौकात. फोटोसाठी कोट घालण्यात गैर काही नाही. पूर्वी पासपोर्ट फोटोच्या स्टुडिओत एक कोट खुंटीला कायम टांगलेला असायचा. खाली लुंगी असली तरी वर कोट चढवून माणूस स्टुलावर बसायचा. पण फोटो झाला की कोट परत खुंटीला. तोच घालून ऑफिसात जायचं असतं, असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे भीती, आणि ती आता वाढलीय. राज्यसेवेत पूर्वी मुख्य परीक्षेला 800 गुण होते आणि मुलाखतीला 100. नव्या वर्णनात्मक पद्धतीत लेखी 1750 आणि मुलाखत 275, दिल्लीच्या यूपीएससीसारखंच. म्हणजे त्या अर्ध्या तासाचं वजन वाढलं. वजन वाढलं की पोरगं आधी हाताला येईल ते धरतं. आपलं बोलणं सुधारायला महिने लागतात, कोट आठवड्यात मिळतो.

शिवून घ्यायचा तर कापड धरून दोन-तीन महिन्यांचे मेसचे पैसे जातात. म्हणून मग भाड्याचा येतो, मित्राचा येतो, भावाच्या लग्नातला येतो. मागे किनवटकडचा एक मुलगा आला होता. हातात वाईन रंगाचा कोट, कॉलरच्या पट्टीला साटीन, खिशावर जरीचा कोयरीचा काठ. थोरल्या भावाच्या रिसेप्शनचा. "काका, ही चमक काढून फिटिंग करून द्या." मी घालून बघायला सांगितलं. भाऊ चांगला आडवा असणार, कारण याचा खांदा जिथं संपत होता त्याच्या पुढं दोन बोटं कोटाचा खांदा लोंबत होता. कोटाच्या बाह्या आखूड करता येतात, कंबर आत घेता येते, बटण सरकवता येतं. खांदा मात्र हलत नाही. खांद्याला हात लावायचा म्हणजे बाही काढा, आतली पॅडं काढा, अस्तर उसवा, मुंडा नव्यानं कापा. त्यापेक्षा नवा शिवलेला बरा. कोट उसना घेताना पोरं पोट बघतात, खांदा बघतच नाहीत.

मी म्हटलं, "कोट उतरव. शर्टाचं माप घेऊ."

टेप छातीला लावला तर तो श्वास रोखून उभा. माप घेताना घाबरलेला माणूस हमखास असं करतो. छाती फुगलेली, खांदे कानाकडं चढलेले. त्या मापावर शर्ट शिवला तर तो माणूस मोकळा असेल तेव्हा अंगावर लोंबणारच. म्हणून मी माप घेता घेता बोलतं करतो. विचारलं, "किनवट म्हणजे पैनगंगेच्या काठचं ना? पलीकडं कुठला जिल्हा?"

"यवतमाळ." मग स्वतःच सुरू झाला. पावसाळ्यात सहस्रकुंडाला लोंढा कसा कोसळतो, सागाची जंगलं, तोडीवर पकडलेल्या गाड्या, वनखात्यातला मामा. हात हवेत फिरायला लागले. खांदे आपोआप खाली आले. मी टेप परत लावला तर छातीत पाऊण इंचाचा फरक.

मी त्याला एवढंच म्हणालो, की तिथं पण हेच सांग, असंच सांग. आयोगाची मंडळी तुमच्या अर्जावरूनच तर विचारतात: गाव, तालुका, पदवीचा विषय, छंद. छंदात 'वाचन' लिहिणाऱ्या पोरांना मी माप घेताना विचारतो, शेवटचं काय वाचलं? निम्मी आरशाकडं बघतात. टायची गाठ मारायचे व्हिडिओ बघण्यात दोन संध्याकाळी घालवतात, पण स्वतः भरलेला अर्ज शांतपणे एकदा वाचत नाहीत. त्या मुलाचं पुढं काय झालं म्हणाल, तर ते मी सांगत नाही. निवड झाली असली तरी शर्टामुळं झाली नाही, आणि झाली नसली तरी शर्टामुळं राहिली नाही.

याचा अर्थ कपड्याला महत्त्व नाही असा नव्हे. मी शिंपी आहे, मी तसं कसं म्हणेन? कपडा बोलतोच. फक्त उसना कोट काय बोलतो ते पोरांना आरशात दिसत नाही. तो सांगतो की हा मुलगा दर मिनिटाला बाही मागं ओढतोय, याचं लक्ष प्रश्नाकडं नाही, कॉलरकडं आहे.

आणि आरसाच मुळात फसवा. ट्रायलला माणूस उभा राहून स्वतःला बघतो, मुलाखत मात्र बसून होते. म्हणून माझ्याकडं आरशासमोर एक लाकडी खुर्ची ठेवलीय. बस म्हणतो, पुढं झुक, दोन्ही हात मांडीवर घे. लगेच सगळं उघडं पडतं. छातीवर बेतशीर वाटलेला शर्ट दोन बटणांमध्ये फट दाखवायला लागतो आणि आतलं बनियन दिसतं. पॅन्ट वर सरकते, मोजा संपून नडगी दिसते. कमरेला उभ्यानं ठीक वाटलेला पट्टा पोटात रुततो. इन केलेला शर्ट मागून सुटून येतो, कारण लांबी कमी ठेवलेली असते. कॉलर आणि गळा यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत, बसल्यावरसुद्धा. एक जात असेल तर चौथ्या-पाचव्या प्रश्नाला हात गळ्याकडं जाणार.

कापडाचंही तसंच. शुद्ध सुती शर्ट दिसतो छान, पण स्वारगेटहून पहाटेची गाडी पकडून मुलाखतीसाठी बेलापूरला पोचेपर्यंत त्याची रया जाते. घाट उतरला, पनवेल आलं की हवा दमट होते आणि पाठीवर चुण्या धरतात. मिश्र धाग्याचं कापड घ्या, फिका रंग घ्या, पूर्ण बाह्या, साधी कॉलर. शक्य असेल तर आदल्या दिवशीच जाऊन नातेवाइकाकडं किंवा मित्राकडं राहा. नाहीच जमलं तर शर्ट हँगरला लावून न्या आणि पोचल्यावर बदला. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. ते चावतात, आणि गुळगुळीत फरशीवर कुरकुरतात ते वेगळंच.

आता त्याच प्रवासात वर कोट चढवून बघा. मुलाखतीच्या खोलीत एसी असतो, पण तिथवरच्या वाटेवर नसतो. वकिलांना काळा कोट सक्तीचा, पण उन्हाळ्यात त्यांनाही जिल्हा आणि तालुका न्यायालयांत तो न घालण्याची मुभा बार कौन्सिलच्या नियमांनीच दिलीय. फक्त सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांत ती नाही. ज्यांच्या पेशाची ओळखच तो कोट, त्यांना उन्हाळ्याची सूट, आणि जो अजून नोकरीलाही लागलेला नाही त्यानं मे महिन्यात कोट घालून घाम पुसत बसायचं!

निवड झाल्यावर तरी तो लागतो का? तहसील कचेरीत कोट घालून बसलेला नायब तहसीलदार मला कुणी दाखवावा. 2020 च्या डिसेंबरात राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या. जीन्स-टीशर्ट नको, शुक्रवारी खादी घाला, असं त्यात होतं. त्यावरही वाद झालाच. पण कोट घाला असं तेव्हाही कुणाला सुचलं नाही. आमच्या वडिलांच्या काळात साहेब लोकांची सफारी होती, अर्ध्या बाह्यांची, खिसेच खिसे असलेली. दिसायला भीषण, पण आपल्या हवेला ती तरी चालायची.

दिल्लीचं जरा वेगळं आहे, हे मान्य. यूपीएससीच्या मुलाखती धोलपूर हाउसला होतात आणि बरेचदा थंडीतच सुरू होतात. जानेवारीच्या दिल्लीत कोट म्हणजे ऊब. ज्याची तारीख तेव्हाची, त्यानं खुशाल शिवावा, मीच शिवून देतो. एप्रिलची तारीख आलेल्यानं कशाला?

मुलींचं तर याहून अवघड. माझी बायको ब्लाउज शिवते, मुली तिला काकू म्हणतात. त्यांना सगळ्यांनी सांगितलेलं असतं, साडीच नेसा, त्यातच भारदस्त दिसतं. यातल्या कितीतरी मुली कॉलेजच्या साडी डेनंतर साडीला शिवलेल्या नसतात. मग पिनांचा मारा. खांद्याला पिन, निऱ्यांना पिन, पदराला पिन. काकूंचा नियम सरळ आहे: "रोज ड्रेस घालतेस ना? मग ड्रेसच घाल, ओढणी नीट पिन कर आणि जा. साडीच नेसायची असेल तर आधी एक अख्खा दिवस ती नेसून अभ्यासिकेत बस, मेसचा जिना चढ, रिक्षात बसून उतर. हे जमलं तर नेस." ब्लाउजची बाही ती मुद्दाम जरा सैल ठेवते, कागद पुढं करायला हात लांबवला की काखेत ओढ बसू नये म्हणून. मुलांना सल्ला मिळतो तो दाढीपुरता. मुलींना मात्र टिकली, बांगड्या, केस, पावडर, आवाज, हसणं, कशाकशाबद्दल ऐकावं लागतं. त्यावर बोलायला काकूंनीच लिहिलं पाहिजे. ती म्हणते, वेळ कुणाला आहे.

मुलाखतीचा खर्च हा पोरांवरचा भारच आहे, हे सरकारलाही एकदा पटलेलं आहे. 15 ऑगस्ट 2015 ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी छोट्या पदांच्या मुलाखतींचा विषय काढला, आणि 1 जानेवारी 2016 पासून केंद्राच्या क गटाच्या आणि ब गटातल्या अराजपत्रित पदांना मुलाखतच उरली नाही. वशिला हा त्यातला मोठा मुद्दा होता, पण लांबून येणाऱ्याचा खर्चही होताच. वरच्या पदांना मुलाखत हवी, समोर बसवून माणूस पाहायला हवा, हे मलाही पटतं. मग त्याला तो जसा आहे तसा येऊ द्या.

इंजिनिअरिंग कॉलेजांनाही हेच सांगणं आहे. कॅम्पसच्या दिवशी ब्लेझर-टाय सक्तीचा, नाहीतर यादीतून नाव कमी, असले नियम काढणाऱ्यांनी एकदा होस्टेलच्या पायरीवर उभं राहून बघावं. आत गेलेला मुलगा बाहेर येतो, घामेजलेला कोट उतरवतो, पुढचा तोच चढवतो. बाही कधी मनगटाच्या वर, कधी बोटांवर. कंपनीचा माणूस जीन्सवर साधा शर्ट घालून आलेला असतो, त्याला यातलं काही माहीतही नसतं.

पोरांनी शर्ट-पॅन्ट मात्र मापाची शिवून घ्यावी, नाहीतर तयार घेऊन शेजारच्या शिंप्याकडून बसती करून घ्यावी. ती पुढं नोकरीत वापरता येते, नोकरी नाही मिळाली तरी वापरता येते. आयोगानं ती ओळ छापली तर माझे कोट कमी होतील, ते होऊ देत. लग्नसराई आहे की, नवरदेव कुठं ऐकतायत!