जुन्या 'सबमरीनर'ची खरी किंमत

नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हातील फिलिप्सच्या लिलावात १९५७ सालचे एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकला विकले गेले. खरेदीदार खुद्द ओमेगा कंपनीच होती. आपल्या संग्रहालयासाठी तिने ते घेतले होते. २०२३मध्ये उघड झाले की, हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे सुटे भाग जुळवून उभे केलेले होते आणि त्यात कंपनीच्याच तिघा माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. भाग बहुतांशी अस्सल, पण घड्याळ मात्र बनावट! ज्या कंपनीने ते घडवले तिचीच अशी फसगत होत असेल, तर आयुष्यभराच्या बचतीतून एखादे जुने रोलेक्स घेऊ पाहणाऱ्या सामान्य हौशी ग्राहकाची काय कथा?

हा प्रश्न आज अधिक टोकदार झाला आहे, कारण महागड्या घड्याळांचा जुना बाजार आता केवळ संग्राहकांपुरता उरलेला नाही. करोनाच्या काळात नवी घड्याळे मिळेनाशी झाली, प्रतीक्षायाद्या लांबल्या आणि वापरलेल्या घड्याळांचे भाव नव्यापेक्षाही वर चढले. २०२२च्या वसंतात हा फुगा टोकाला पोहोचला. पुढे व्याजदर वाढले, आभासी चलने कोसळली आणि भावही उतरू लागले. गुंतवणूक म्हणून शिखरावर खरेदी करणाऱ्यांचे हात पोळले. डिसेंबर २०२२मध्ये रोलेक्सने जुनी घड्याळे स्वतः प्रमाणित करून, दोन वर्षांच्या हमीसह अधिकृत दुकानांतून विकण्यास प्रारंभ केला. ऑगस्ट २०२३मध्ये तर 'बुखेरर' ही विक्रेत्यांची मोठी साखळीच विकत घेत असल्याचे तिने जाहीर केले. जुन्या मालाला प्रतिष्ठा मिळाली हे खरे. पण प्रमाणित घड्याळ महाग पडते आणि या योजनेबाहेरच्या व्यवहारात ग्राहकाला स्वतःच्या नजरेवरच विसंबावे लागते.

ही नजर कशी असावी, हे 'सबमरीनर'च्या १६६१० या मॉडेलवरून चांगले समजते. पाणबुड्यांसाठीचे हे घड्याळ ४० मिलिमीटर व्यासाचे, ३०० मीटर खोलीपर्यंतच्या दाबासाठी बनवलेले. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१०पर्यंत ते निघत राहिले. त्यामुळे एकाच मॉडेलची, पण अगदी वेगवेगळ्या अवस्थेतली घड्याळे बाजारात दिसतात. ३१३५ क्रमांकाचे त्याचे यंत्र इतके दणकट आहे की भावातील तफावत सहसा यंत्रामुळे पडत नाही. ती पडते पोलादी कवचामुळे आणि तबकडीमुळे.

जुन्या घड्याळाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पॉलिश. घड्याळ विकायला काढण्यापूर्वी ते 'नव्यासारखे' करून घेण्याची हौस मालकाला असते आणि कारागीरही ती हौस आनंदाने पुरवतो. पण प्रत्येक पॉलिशबरोबर पोलादाचा एक थर कायमचा जातो. मूळ घडणीत पट्टा धरणाऱ्या चार शिंगांचा वरचा पृष्ठभाग खरखरीत रेषांचा असतो, बाजू आरशासारख्या गुळगुळीत असतात आणि दोहोंमधली कड स्पष्ट उठून दिसते. पॉलिश झाले की ही कड साबणाच्या वडीसारखी गोलावते. चारही शिंगे समोरून, मग बाजूने पाहावीत. जाडी सारखी नसेल तर कवचावर हात फिरलेला आहे. १६६१०च्या जुन्या घड्याळांत पट्ट्याच्या दांडीसाठी शिंगांना आरपार छिद्रे असत. ती कडेच्या फार जवळ आलेली दिसली, तर किती धातू गेला याचा अंदाज येतो. चरे पडलेले, पण अंगापिंडाने भरलेले कवच चकचकीत आणि बारीक झालेल्या कवचापेक्षा केव्हाही मोलाचे. ही गोष्ट नवख्या ग्राहकाला उलटी वाटते. विक्रेत्याचा फायदा नेमका तिथेच होतो.

तबकडीची परीक्षा अधिक रंजक आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अंधारात चमकण्यासाठी ट्रिटियम वापरले जाई आणि तबकडीच्या तळाशी तसा उल्लेख असे. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षांचे. म्हणजे १९९०च्या घड्याळात आज मूळच्या जेमतेम एक-अष्टमांश किरणोत्सार उरला आहे. अशी तबकडी आज रात्रभर लख्ख चमकत असेल, तर तिच्यावर नवा लेप चढला आहे, एवढे निश्चित. काटे पांढरेशुभ्र आणि तबकडीवरचे ठिपके मलईच्या रंगाचे असतील, तर काटे मागाहून बदललेले असण्याची शक्यता दाट. या विषयात आपल्या महानगराचे नाव जगभर झाले आहे, पण ते अभिमानाने सांगावे असे नाही. रंगवून नव्या केलेल्या तबकड्यांच्या जुन्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात!

उरलेल्या भागांची तपासणी लवकर होते. पट्टा आडवा धरला असता फार लोंबत असेल, तर कड्या झिजल्या आहेत. घड्याळाभोवतीची कडी एकाच दिशेने, १२० टप्प्यांत, ढिली न पडता फिरली पाहिजे. यंत्राची गती व ठोक्यांचा आवाका मोजणारे उपकरण कोणत्याही बऱ्या दुरुस्तीकाराकडे असते आणि ती मोजणी काही मिनिटांचे काम आहे. मागचे झाकण समोर उघडून दाखवण्यास विक्रेता नकार देत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवणे शहाणपणाचे. तबकडीवर ३०० मीटर छापलेले असले, तरी आतील रबरी कड्या जुन्या होतात. दाबाची चाचणी होईपर्यंत हे पाणबुड्याचे घड्याळ हात धुतानाही काढून ठेवलेले बरे.

डबा आणि कागदपत्रांना बाजारात अवाजवी महत्त्व आहे. कागद खोटे करता येतात किंवा दुसऱ्याच घड्याळाचे असू शकतात. म्हणून कागदावरचा अनुक्रमांक कवचावरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. चोरीच्या घड्याळांची नोंद ठेवणाऱ्या लंडनच्या 'द वॉच रजिस्टर'कडे तो क्रमांक तपासून घेता येतो.

आता किंमत. विक्रेते मागतात त्या आकड्याला भाव म्हणण्याची चूक सर्रास होते. भाव ठरतो तो प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांवरून आणि लिलावांच्या निकालांवरून. निव्वळ उदाहरणादाखल, याच काळातली धारदार कवचाची तीन-चार घड्याळे अलीकडे साडेसात लाखांच्या आसपास गेली असे समजू. समोरचे घड्याळ एकदा पॉलिश झालेले, पट्टा लोंबलेला, सर्व्हिसिंगचा पुरावा नाही. सर्व्हिसिंगचे ७५ हजार, पट्ट्याचे ६० हजार आणि गेलेल्या धातूपोटी एक-दशांश, म्हणजे ७५ हजार वजा केले, तर ५ लाख ४० हजार उरतात. विक्रेता लेखी हमी देत असेल, तर वर थोडे देण्यास हरकत नाही. नुकतेच कंपनीकडून सर्व्हिसिंग झालेल्या घड्याळाचे मात्र दोन भाव संभवतात. पोहायला जाणाऱ्याला ते अधिक मोलाचे. पण सर्व्हिसिंगमध्ये तबकडी आणि काटे बदलले गेले असतील, तर संग्राहक त्याला कमी पैसे देईल.

भारतातील ग्राहकाला आणखी एक हिशेब करावा लागतो. स्वित्झर्लंडसह चार देशांच्या 'एफ्टा' गटाशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने हटणार आहे. त्याचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचला, तर नव्या घड्याळांच्या किमती नरमतील आणि जुन्यांनाही तितके चढे भाव टिकवता येणार नाहीत. आज घाईने चढा भाव देणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. दुबई वा सिंगापूरहून कुणी मनगटावर बांधून आणलेले 'स्वस्त' घड्याळ तर वेगळ्याच जोखमीचे. १९६२च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचाही नामोल्लेख आहे. तस्करीच्या रास्त संशयावरून अधिकाऱ्यांनी असे घड्याळ जप्त केले, तर ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात ते सापडले त्याच्यावर आणि जो मालकी सांगतो त्याच्यावर येते. शुल्क भरल्याची पावती नसलेल्या घड्याळाच्या किमतीतून ही जोखीमही वजा व्हायला हवी.