परिनिरीक्षणाचे उपकार

नाट्यप्रयोगाच्या पूर्वपरीक्षणाचे समर्थन केवळ शासकीय अधिकारीच करतात असे नाही, समीक्षकही करतात. अधिकारी सुव्यवस्थेचा हवाला देतात. समीक्षकांचा युक्तिवाद अधिक सुसंस्कृत आणि म्हणूनच अधिक घातक आहे. बंधनामुळे लेखक रूपकाकडे वळतो, व्यंजनेला धार येते. सबब सेन्सॉर हा कलेचा, अप्रत्यक्ष का होईना, हितकर्ता ठरतो, असे हे प्रतिपादन. त्याचा दाखलाही ठरलेला असतो: खाडिलकरांचे 'कीचकवध'.

हा दाखला एकदा तपासून पाहावा. १९०७ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन पाहिला, हे सर्वश्रुतच आहे. परंतु पुराणकथेतून वर्तमान बोलण्याची रीत मराठी रंगभूमीला १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने शिकवलेली नाही. उत्तररंगात आख्यान लावणाऱ्या कीर्तनकाराला ती आधीपासून अवगत होती. शिवाय रूपकाने नाटक वाचवले, हेही खरे नाही. १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातलीच. म्हणजे रूपक सेन्सॉरमुळे जन्मले नाही आणि सेन्सॉरपासून बचावलेही नाही. समीक्षकाला उकलण्यासाठी एक सुबक कोडे मिळाले, एवढाच काय तो उपकार!

१९७० च्या 'गिधाडे'चे उदाहरण याहून बोलके आहे. माणिकच्या साडीवरील रक्ताच्या लाल डागाला आक्षेप घेतला गेला. डाग निळा करण्यात आला, आणि तो लाल समजावा अशी सूचना प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना देण्यात आली. हा प्रसंग मराठी नाट्यवर्तुळात आजही विजयकथेसारखा सांगितला जातो. मंडळाने रंग वाचला, प्रेक्षकांनी चिन्ह वाचले, असे चिन्हमीमांसेच्या परिभाषेत त्याचे कौतुकही करता येईल. मात्र या विजयाची किंमत कोणी मोजली आहे काय? ज्या क्षणी गर्भवती स्त्रीवरील अमानुष हिंसेने प्रेक्षक हादरावा, त्या क्षणी तो निळ्या डागाकडे पाहून मनोमन मंडळाला हसतो. नाटककाराने कुटुंबसंस्थेच्या हिंस्रतेवर रोखलेले लक्ष एका शासकीय फाइलीकडे वळते. डाग राहिला, त्याची भीषणता मात्र पातळ झाली. सेन्सॉरने केलेली खरी काटछाट ही आहे आणि ती कोणत्याही आदेशात नमूद नसते.

महाराष्ट्रातील परिनिरीक्षणाची पद्धत १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखालील नियमांवर उभी राहिली. तिच्या मुळाशी एक वाङ्मयीन सिद्धान्त दडलेला आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रयोगापूर्वी संहिता सादर करावयाची, ती मान्य झाली की प्रयोग तिच्याबरहुकूम करावयाचा. याचा अर्थ संहिता म्हणजेच नाटक. नाट्यविचाराने प्रयोगसंहितेची संकल्पना कितीही मांडो, शासन हा अखेरचा कट्टर संहितावादी आहे. तमाशातील बतावणी कोणत्या कागदावर उतरवून मंजुरीसाठी पाठवावी? वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडींवर ऐनवेळी जे बोलत, तोच त्या प्रयोगाचा प्राण होता. नियमाच्या काटेकोर दृष्टीने तो प्राण म्हणजे शिक्क्याबाहेरचा मजकूर, म्हणजेच अपराध. नियम शिथिलपणे राबवला जातो, असे यावर उत्तर येते. पण ज्या नियमाचे समर्थन त्याच्या ढिलाईवर अवलंबून आहे, त्याच्याविषयी अधिक काय बोलावे?

शिक्का हे नाटकाचे संरक्षण होय, प्रमाणपत्र असले की जमावाला उत्तर देता येते, हा दुसरा लाभ सांगितला जातो. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. 'घाशीराम कोतवाल'चे प्रयोग थांबवले ते ज्या संस्थेने ते उभे केले होते त्याच संस्थेने. तेथे शिक्का कामी आला नाही. १९९८ साली 'मी नथुराम गोडसे बोलतोय'चे प्रयोग, मंडळाची मान्यता असतानाही, खुद्द शासनानेच रोखले. ती बंदी २००१ साली उच्च न्यायालयात उठली. त्या नाटकातील इतिहासदृष्टीवर कठोर टीका व्हावयास हवी, यात शंका नाही. पण ती करावयाची कोणी? समीक्षेने आपले काम पोलीस कायद्याकडे सोपवले, तर तिला उपजीविकेखेरीज प्रयोजन उरत नाही. आणि 'सखाराम बाइंडर'ला वाचवले ते मंडळाने नव्हे, मंडळाविरुद्ध न्यायालयात गेलेल्या नाट्यकर्मींनी.

वसाहतकाळातील १८७६ चा कायदा २०१८ साली रद्द झाला. संहितेच्या पूर्वपरीक्षणाला अमोल पालेकर यांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. म्हणजे हा प्रश्न नटांनी विचारला, वकिलांनी मांडला. विद्यापीठांतील मराठी विभागांना तो आपला वाटला नाही. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर आयुष्ये वेचणाऱ्या या परंपरेत, सादर केलेली संहिता, सुचवलेली काटछाट, प्रयोगात बोललेला पाठ आणि छापील पुस्तक यांची तुलना करणारी पाठचिकित्सा किती नाटकांची झाली आहे? पदव्युत्तर वर्गांत अभ्यासला जातो तो पाठ यांपैकी नेमका कोणता, हे शिकवणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते.