तंजावुरात जंगल कुठे आहे?

रानातल्या प्राण्यांपासून येणारे रोग ही रानाजवळ राहणाऱ्यांची कटकट, असे आमच्या तंजावुरातल्या एका विद्वान गृहस्थांनी परवा ठणकावून सांगितले. तंजावुरात जंगल नाही, तेव्हा आपण सुखरूप. आणि जिथे जंगल आहे तिथे वटवाघळे-माकडे मारून टाका, की मिटले.

मारण्याचे आधी उरकतो. सिंधुदुर्गात २०१६ साली माकडताप पसरला तो गोचिडींमुळे. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि काजूच्या बागेतल्या माणसाला धरतात. म्हणजे बंदूक आपली, सोय गोचिडींची!

आता जंगल. नाही, हे कबूल. भातखाचरे आहेत, त्यांच्या बांधांत उंदरांची बिळे आहेत, आणि हे उंदीर कुणी पाळलेले नाहीत. त्यांच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) जंतू खाचरात उतरतात, ओल्या मातीत टिकून राहतात आणि सांबा भाताच्या लावणीला अनवाणी वाकलेल्या बाईच्या पायातल्या चिरेतून आत जातात. मग ताप, डोळे लाल, पोटऱ्यांत कळा. बिघडले तर कावीळ, मूत्रपिंडे निकामी. इथली माणसे याला एलिक्काय्च्चल, म्हणजे उंदीरताप, म्हणतात. बांबूची ‘तंजावूर किट्टी’ लावून उंदीर धरणारे त्याच चिखलात उतरतात. आमच्या गृहस्थांची जमीन खंडाने दिलेली, त्यामुळे त्यांना चिखल गच्चीवरूनच दिसतो. मुंबईत २६ जुलै २००५च्या पुरानंतर लेप्टोने माणसे दगावली, ती कोणत्या अरण्यात? (बोरिवलीचे उद्यान पुढे करू नये, बिबट्याचा यात काही हात नव्हता.)

बांधावरच्या झुडपांतून येणारा स्क्रब टायफस तर तमिळनाडूत नवा नाही. त्याची खूण असलेली अंगावरची काळी खपली शोधायला मात्र रोग्याचे कपडे बाजूला करावे लागतात, आणि तेवढी सवड दवाखान्यात कुणाला असते?

हेच गृहस्थ मागे एकदा तंजावूरच्या सरफोजी महाराजांच्या औषधशाळेला, धन्वंतरी महालाला, राजाचा रिकामा छंद म्हणाले होते. तो वाद अजून मिटलेला नाही, म्हणून पुन्हा सांगतो: तिथे माणसांबरोबर जनावरांचीही औषधे होत. दोनशे वर्षांपूर्वीच्या राजाला जे एका छपराखाली मावले, ते आज पशुवैद्य आणि डॉक्टर यांच्या दोन वेगळ्या कचेऱ्यांत मावत नाही.

मग करायचे काय? शेतात घुबडाला बसायला आडव्या दांड्याच्या काठ्या रोवाव्यात. धामण दिसली की तीच काठी उगारू नये. गमबूट चिखलात रुततात, हे ठाऊक आहे. निदान पायाला जखम असलेल्या बाईला त्या दिवशी पाण्याबाहेरचे काम द्यावे, मजुरी न कापता. ताप आला तर खाचरात उतरलो होतो हे डॉक्टरला आपणहून सांगावे. डॉक्सिसायक्लीन लेप्टो आणि स्क्रब टायफस या दोन्ही रोगांवर चालते, पण वेळेवर सुरू झाले तर. गृहस्थांनीही आपल्या कुळाला एवढे कळवायला हरकत नाही. खंड मागायला माणूस पाठवतातच.