गांधींचा अणुबाँब आणि भाच्याचा टिपू

डिसेंबर 2024 मधली गोष्ट. भाचा सिंदी मेघेला आमच्याकडे आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाईल पुढे करत म्हणाला, "मामू, बघा, टिपू सुलतान येतोय गेममध्ये."

'सिव्हिलायझेशन' या डावपेचांच्या व्हिडिओ गेमचा सातवा भाग 11 फेब्रुवारी 2025 ला यायचा होता. कंपनी त्यातल्या नेत्यांची नावं थोडी थोडी करून जाहीर करत होती आणि उरलेली कोणती यावर पोरांचे अंदाज चालले होते. स्क्रीनवर टिपूचं चित्र, खाली मैसूरच्या लोखंडी नळ्यांच्या रॉकेटांची खास तुकडी, कोपऱ्यात कंपनीची खूण. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आपल्याकडच्या माणसाची जगाने दखल घेतली असं वाटलं.

मग तो हसायला लागला. चित्र त्यानेच बनवलं होतं. येणाऱ्या गेमबद्दल सगळ्यात पटेल अशी खोटी बातमी कोण बनवतो, अशी मित्रांमध्ये पैज लागली होती. मी चिडलो तर म्हणाला, "गेमच तर आहे मामू, कोणाचं काय जातं?"

त्या दिवशी मला नीट उत्तर सुचलं नाही. आज देतो. आणि ते देण्यासाठी मला सेवाग्रामच्या म्हाताऱ्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

1991 मध्ये सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी बनवलेल्या पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये भारताचे नेते होते गांधी. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट जगभरच्या खेळाडूंना पाठ आहे. प्रत्येक नेत्याला म्हणे आक्रमकतेचा एक आकडा दिला होता. गांधींचा सर्वांत कमी, 1. देशात लोकशाही आली की या आकड्यातून 2 वजा व्हायचे, म्हणजे उणे 1. पण संगणकाने आकडा ठेवलेल्या खणात 0 ते 255 एवढंच मावायचं, उण्याला जागाच नव्हती. शून्याखाली गेला की काटा गरकन फिरून थेट 255 वर. झालं! अहिंसेचा पुजारी सगळ्यांवर अणुबाँब टाकत सुटला.

ही गोष्ट मीही अनेकांना रंगवून सांगितली आहे. ती खोटी आहे.

जुलै 2012 मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एकाने ती कसलाही पुरावा न देता एका संकेतस्थळावर टाकली. तिथून ती दुसरीकडे उतरवली गेली आणि 2014 पर्यंत गेमच्या बातम्या देणाऱ्यांपर्यंत पोचली. दुसऱ्या भागाचे मुख्य रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स यांनी सांगितलं की पहिल्या गेममध्ये आक्रमकतेच्या तीनच पायऱ्या होत्या, आणि गांधींच्या पायरीवर एक तृतीयांश नेते होते. खुद्द मायर यांनी 2020 च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात ही चूक कधी झालीच नव्हती असं लिहिलं. गांधींना खरोखर अणुबाँबची आवड लावली ती 2010 च्या पाचव्या भागात, तीही रचनाकाराने गंमत म्हणून, मुद्दाम. म्हणजे गंमत आधीची आणि तिचं 'कारण' दोन वर्षांनी कोणीतरी घडवलेलं. मग 2016 च्या सहाव्या भागात गांधींचा तोच बाँबवेडा स्वभाव पुन्हा आला.

ही थाप एवढी टिकली कशी? त्यातला हिशेब खरा आहे म्हणून. आठ बिटांच्या खणात 255 च्या वर काही मावत नाही, हे संगणक शिकणारा कुठलाही पोरगा सांगेल. हिशेब तपासणाऱ्याला वाटतं की आपण गोष्टच तपासली. आणि ज्यांच्यावर ती रचली ते गांधी 1936 मध्ये आमच्या शेजारी, तेव्हाच्या शेगावात राहायला आले होते. अणुबाँबच्या विरोधात त्यांनी 1946 मध्ये 'हरिजन'मध्ये लेख लिहिला आहे. तो लेख किती जणांना माहीत आहे? 255 मात्र सगळ्यांना माहीत आहे.

त्यातून कोणी मेलं नाही, हे कबूल. पण कारागिरी तीच आहे. 2018 मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीची एक क्लिप देशभर फिरत होती. मूळ चित्रफीत कराचीतली, पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली. शेवटी मोटरसायकलवाला मूल परत आणून देतो आणि हातातला फलक दाखवतो. कोणीतरी तेवढाच शेवट कापला. अशाच अफवांच्या त्या दिवसांत, 1 जुलै 2018 ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली.

तेव्हापासून सगळा उपदेश ऐकणाऱ्यालाच. पुढे पाठवण्याआधी तपासा, म्हणून पोलीस सांगतात. खबर आली की तहकीक करा, हे सूरह हुजुरातच्या हवाल्याने आम्ही जुम्याच्या बयानात कितीदा ऐकलं आहे. बरोबरच आहे ते. पण बनवणाऱ्याला कोण विचारतो? त्याला तर आपण 'काय डोकं आहे!' म्हणून शाबासकी देतो. पारावर थापा मारणारा वेगळा, त्याचं तोंड बघूनच लोक हसायला लागतात. पैजेची अट मात्र 'पटेल अशी' होती, म्हणजे हसण्याची खूण पुसून टाकणारी. समोरच्याला कळलं तर बनवणारा हरला! याला मी गंमत म्हणायला तयार नाही. माझ्या तोंडावरचा आनंद त्याने खोट्या मालावर वसूल केला होता.

शिवाय आमच्या पोरांना हे जास्त महागात पडतं, हे मला त्याला सांगावंच लागलं. जून 2023 मध्ये टिपूचं चित्र असलेल्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं, बंद, दगडफेक, लाठीमार झाला, इंटरनेट बंद पडलं. चित्राखालची ओळ बदलायला कितीसा वेळ लागतो? आणि चित्र कोणी बनवलं याचा शोध घेत कोणी आलं, तर ते आमच्याच दारात येणार. उद्या दुसऱ्या कुठल्या पोराने शिवाजी महाराजांवर अशी थाप रचली, तरी मी हेच म्हणेन.

"त्यावर आडवं मोठं लिही, हे मी बनवलंय, खोटं आहे," मी म्हणालो.

"मग पैज हरेन ना मामू."

"हर."

कुरकुरत का होईना, त्याने तसं लिहून चित्र पुन्हा टाकलं. त्याला एकच अंगठा आला, माझा.

फेब्रुवारीत गेम आला. त्यात अशोक होता. टिपू नव्हता, आणि या वेळी गांधीही नव्हते. मार्चमध्ये, नागपुरात संचारबंदी होती त्याच आठवड्यात, पुलगावच्या एका नातेवाइकाने मला एक चित्र पाठवलं. भाच्याचंच, आडव्या अक्षरांशिवायचं. खाली लिहिलं होतं: टिपू सुलतानला गेममधून कोणाच्या दबावाखाली काढलं?