दगड तोच, धक्का वेगळा

आमचं गाव मावळातलं, कामशेतजवळ. लहानपणापासून दगड पाहिला तो काळा बेसाल्टच. कार्ले-भाजे लेणी त्यातच कोरलेली, लोहगड त्याच्यावरच उभा, एक्स्प्रेस वेचे बोगदेही तोच फोडून काढलेले. त्यामुळे स्टडी टूरला बुलढाणा जिल्ह्यात लोणारला गेलो, तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, "ह्यॅ, हा तर आपलाच दगड!" तरी आठवण म्हणून एक तुकडा बॅगेत टाकलाच. त्या तुकड्याबद्दलच हे लिहितोय.

दगड खरंच आपला. लोणावळा काय, लोणार काय, दोन्हीकडे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा. फरक एवढाच, की लोणारला अवकाशातून अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं.

लॅबमध्ये आपण नमुना मशीनखाली ठेवतो, लोड हळूहळू वाढवतो, फुटला की रीडिंग घेतो. आघातात एवढी सवड कुठली? धक्क्याची लाट क्षणार्धात दगडातून जाते. दाब वातावरणाच्या दोन-तीन लाख पट झाला, की फेल्डस्पारच्या स्फटिकाची आतली रचना मोडते. तो न वितळताच काच बनतो, बाहेरचा आकार मात्र तसाच! या काचेचं नाव मास्केलिनाइट. ज्वालामुखीत एवढा दाब येत नाही. म्हणून १९७३ साली लोणारच्या दगडातली ही काच प्रसिद्ध झाली, तेव्हा 'ज्वालामुखीचं तोंड की आघाताचं विवर?' या वादात फारसा दम उरला नाही. गंमत म्हणजे ही काच पहिल्यांदा ओळखली गेली ती १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या अशनीत, आणि तो होता मंगळावरचा! चंद्र-मंगळावरही बेसाल्ट आहे. तिथले धक्का खाल्लेले दगड समजून घ्यायला लोणार म्हणजे घरचीच प्रयोगशाळा.

आता माझा मुद्दा. माझ्या तुकड्यात ती काच असेल किंवा नसेल. पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर कळेलही. पण तो विवराच्या कुठल्या बाजूचा, कुठल्या थरातला, हे आता मलाही सांगता येत नाही. अर्धी माहिती दगडात होती, अर्धी जागेत. जागेतली मी पुसून टाकली. २०२० साली लोणार रामसर यादीत गेलं, ते पाणथळ जागा म्हणून. पाण्याची, पक्ष्यांची काळजी घ्यायलाच हवी, पण पायाखालच्या दगडाचं काय? बसभर पोरांनी एकेक तुकडा उचलला तर?

पुढच्या बॅचला एवढंच सांगणं : लोणावळ्याहून चिक्की आणा, लोणारहून फोटो. माझा तुकडा मी परत नेऊन ठेवणार आहे. जागा मात्र चुकणारच.